काळ्या मारबतीवरचं नाव उतरवा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नागपूरच्या सक्करदऱ्याची मंडळी महाल ओलांडून इतवारीकडे निघतो, मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक पाहायला. गेल्या वर्षी शेजारचा सहावीतला मुलगा माझ्यासोबत होता. शहीद चौकात काळी आणि पिवळी अशा दोन्ही मारबती समोरासमोर आल्या, गर्दीने एकच गलका केला आणि तो मुलगा मला खात्रीने म्हणाला, "काका, काळी म्हणजे बाकाबाई. तिने इंग्रजांशी हातमिळवणी करून भोसल्यांचं राज्य बुडवलं." कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर शाळेतच सांगितलं म्हणे. त्या पोराचा यात काहीच दोष नाही. दर भाद्रपदात वर्तमानपत्रांच्या चौकटीत हेच छापून येतं, मिरवणुकीच्या कर्ण्यावरून हेच ऐकू येतं. माझं म्हणणं असं की ही गोष्ट खोटी आहे आणि ती सांगणं थांबलं पाहिजे.

आधी पूर्वपक्ष नीट मांडतो. बाकाबाई या रघूजी भोसले दुसरे यांच्या राणी. त्यांनी इंग्रजांना फितूर होऊन तेव्हाचे राजे आप्पासाहेब भोसले यांचा घात केला, म्हणून १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई हरली, नागपूरचं राज्य गेलं, आणि चिडलेल्या नागपूरकरांनी त्यांचा काळा पुतळा करून तो गावाबाहेर जाळायला सुरुवात केली. ऐकायला हे सरळ वाटतं. पण वर्षं एकाखाली एक लिहिली की घोटाळा लक्षात येतो. लढाई १८१७ ची. बाकाबाई वारल्या १८५८ मध्ये. काळी मारबत मात्र १८८१ पासून निघते असं सांगितलं जातं. ज्यांचा घात झाला म्हणतात त्यांनी चौसष्ट वर्षं वाट पाहिली आणि ती बाई मरून तेवीस वर्षं झाल्यावर पुतळा केला, हे कसं पटावं?

आता इंग्रजांना नागपुरात आणलं कुणी ते पाहू. मार्च १८१६ मध्ये रघूजी दुसरे वारले. गादीवर आले त्यांचे पुत्र परसोजी, देहाने आणि मनाने दुबळे. त्यांच्या नावाने कारभार कुणी करायचा यावरून वाड्यात दोन तट पडले. एका बाजूला धर्माजी भोसले आणि बाकाबाई होत्या, दुसरीकडे परसोजींचे चुलतभाऊ आप्पासाहेब. आप्पासाहेबांनी एप्रिलमध्ये धर्माजींना कैद केलं, आणि आपलं आसन स्थिर राहावं म्हणून मे १८१६ मध्ये इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. रघूजी हयात असेपर्यंत जो तह नागपूरने केला नव्हता, तो हा. तो करणारे आप्पासाहेब होते आणि बाकाबाई तेव्हा त्यांच्या विरुद्ध तटात होत्या. पुढे १ फेब्रुवारी १८१७ ला परसोजी बिछान्यात मृत सापडले. हा खून आप्पासाहेबांनी करवला असा आरोप झाला आणि तो त्यांच्यावरून कधीच पुसला गेला नाही.

परसोजींनंतर गादीवर बसलेल्या याच आप्पासाहेबांनी नोव्हेंबर १८१७ मध्ये इंग्रजांविरुद्ध पेशव्यांची बाजू घेतली. २६ आणि २७ नोव्हेंबरला सीताबर्डीच्या टेकड्यांवर त्यांचे अरब शिपाई जिवाची पर्वा न करता लढले, लहान टेकडी त्यांनी काबीजही केली. तिथे त्यांच्या दारूगोळ्याचा स्फोट झाला, इंग्रजी घोडदळाने मोक्याच्या क्षणी चाल केली आणि पारडं फिरलं. या पराभवाची कारणं रणांगणावरच सापडतात, जनानखान्यात ती शोधायची गरज नाही. आप्पासाहेब पुढे कैदेतून निसटले, महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आसऱ्याने लढले, आणि १८४० मध्ये जोधपूरला परक्या छपराखाली वारले. त्यांच्या त्या झुंजीबद्दल मला आदर आहे. पण एका पुरुषाला त्याच्या चांगल्या वर्षांवरून आठवायचं, त्याने स्वतः केलेला तह विसरायचा, आणि तोच तह वाड्यातल्या बाईच्या पदरात टाकायचा, हा न्याय मला मान्य नाही. मराठी माणसाला ही खोड जुनीच आहे. नारायणराव पेशव्यांच्या खुनाचं नाव निघालं की मारेकऱ्यांआधी आनंदीबाईंचा 'ध चा मा' आठवतो.

यावर कुणी म्हणेल, बाकाबाई काही स्वातंत्र्यदेवता नव्हत्या. नव्हत्याच. १८१८ मध्ये इंग्रजांनी रघूजींच्या नातवाला गादीवर बसवलं तेव्हा तो दहाएक वर्षांचा होता. रेसिडेंट जेंकिन्स राज्य चालवत होता आणि वाड्याची सूत्रं बाकाबाईंकडे होती. ती व्यवस्था त्यांनी स्वीकारली. त्याहून मोठा डाग १८५७ चा. १३ जूनला नागपुरात उठाव होता होता फसला, स्वारांना फाशी झाली, आणि बाकाबाईंनी आपलं सगळं वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकून भोसल्यांच्या माणसांना उठावापासून दूर ठेवलं. हे मी झाकत नाही. या वागण्यावर टीका करायची असेल तर खुशाल करावी.

पण त्याआधीची तीन वर्षं पाहिल्याशिवाय ती टीका पुरी होत नाही. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केलं. हत्ती, घोडे, बैल लिलावात निघाले, जडजवाहीर कलकत्त्याला विक्रीला गेलं. वाड्यातलं सामान हलवायला माणसं आली तेव्हा सत्तरी गाठलेल्या बाकाबाईंनी वाडाच पेटवून देण्याची धमकी दिली. वारस म्हणून यशवंतरावांचं दत्तक मान्य व्हावं यासाठी त्या इंग्रजांशी भांडत राहिल्या. दत्तकाला मान्यता मिळाली ती त्यांच्या मृत्यूनंतर, आणि यशवंतराव जानोजी या नावाने 'राजे बहादूर' झाले. म्हणजे १८५७ मध्ये वंश टिकवण्यासाठी त्यांनी जी किंमत मोजली, ती देशाला महाग पडली, असं म्हणता येईल. राज्य विकलं असं म्हणता येणार नाही. ते आधीच हिसकावून घेतलेलं होतं.

सक्करदऱ्यात राहणाऱ्याला बाकाबाईंवरचा हा आरोप जास्त लागतो. ज्या रघूजीराजांनी १९०८ मध्ये सूफी संत ताजुद्दीनबाबांना वेड्यांच्या इस्पितळातून सोडवून आपल्या सक्करदऱ्याच्या वाड्यात आणलं, ते या दत्तक जानोजींचेच पुत्र. बाबांच्या पायाशी बसायला जी रीघ आमच्या वस्तीत लागली, ती याच घराच्या दारात.

आता मारबतीचं मूळ. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या गावांत पोळ्याला दाराशी पळसाच्या डहाळ्या लावतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्या उपटून, खोकला, खरूज, माश्या, डास सगळं घेऊन जा असं मारबतीला ओरडून सांगत गावशिवेबाहेर टाकतात. तिथे भोसल्यांचा वाडा नाही, रेसिडेंट नाही, बाकाबाई नाहीत. चिखलाचे, गढूळ पाण्याचे, तापाचे दिवस असतात, आणि बाया-माणसं त्या दुखण्यांना वेशीबाहेर हाकलतात. काही जण तिला पूतना म्हणतात. शहरातही पाहा. बाया तान्ह्या लेकरांना घेऊन मारबतीच्या पायाशी येतात, हात जोडतात. देशद्रोहिणीच्या पुतळ्याला कुणी आपलं लेकरू दाखवतं का? लोकांचं वागणं कर्ण्यावरच्या गोष्टीपेक्षा खरं आहे.

पोलंडमध्ये हिवाळा सरताना मार्झाना नावाची गवताची बाई करतात, गावभर फिरवतात आणि नदीत बुडवतात. रोगराई आणि मरण तिच्यासोबत गेलं असं समजतात. तिला कुठल्याही राणीचं नाव लागलेलं नाही आणि त्यावाचून तिचं काही अडत नाही. उलट इंग्लंडात ५ नोव्हेंबरला गाय फॉक्सचा पुतळा जाळतात. १६०५ च्या त्या कटाचा म्होरक्या रॉबर्ट केट्सबी होता. फॉक्स सुरुंगाच्या दारूजवळ सापडला, म्हणून जाळायला त्याचं तोंड मिळालं. खऱ्या माणसाचं नाव एकदा पुतळ्याला चिकटलं की बाकीच्यांचा हिशेब कुणी मागत नाही.

माणसांवरचा राग काढायला नागपूरकरांकडे बडगे, म्हणजे त्याच मिरवणुकीत निघणारे दुसरे पुतळे, आहेतच. महागाई, भ्रष्टाचार, नको असलेला पुढारी, ज्याचा त्या वर्षी राग असेल त्याचा बडगा निघतो आणि पुढच्या वर्षी नवा येतो. हे हत्यार धारदार आहे, ते तसंच राहू द्या. मारबतीला मात्र तिचं जुनं काम करू द्या.

आणखी एक गोष्ट त्या मुलाला सांगायची राहून गेली. त्याच दिवशी संध्याकाळी लाकडी बैल ओढत तो ज्या तान्ह्या पोळ्याला जातो, तो सण रघूजी दुसरे यांनी सुरू केला असं नागपूर मानतं. सकाळी ज्या बाईच्या नावाने त्याला बोटं मोडायला शिकवलं, ती त्यांची राणी.

मारबतीच्या मंडळांना, शिक्षकांना आणि वर्तमानपत्रांच्या संपादकांना माझी हात जोडून विनंती आहे. यंदा काळी मारबत निघेल तेव्हा बाकाबाईंचं नाव घेऊ नका. घ्यायचंच असेल, तर मे १८१६ च्या तहावर सही कुणाची होती, तेही त्याच कर्ण्यावरून सांगा.