एकशेदहाचा हट्ट

आयसीयूबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांमध्ये एक तरी आकडेबहाद्दर असतोच. बहुतेक वेळा आपल्यातलाच, आयटीवाला. आत जायला पाच मिनिटं मिळाली की हा पेशंटच्या आधी चार्ट बघतो आणि बाहेर येऊन जाहीर करतो, "शुगर १७० आहे, आणि हे लोक नुसते बघत बसलेत!"

माझं मत विचाराल तर त्यांना बघत बसू द्या.

मोठं ऑपरेशन, जंतुसंसर्ग, अपघात असं काही झालं की शरीर कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रिनलिन वगैरे सोडतं आणि मधुमेह नसलेल्या माणसाचीही शुगर चढते. पूर्वी २००च्या आसपास गेली तरी कुणी फारसं मनावर घेत नसे. मग २००१ साली बेल्जियममधल्या लुव्हेनचा अभ्यास आला. व्हान डेन बर्ग आणि सहकाऱ्यांनी सर्जिकल आयसीयूतल्या १,५४८ पेशंटपैकी निम्म्यांची शुगर इन्सुलिन देऊन ८० ते ११०मध्ये ठेवली. आयसीयूतले मृत्यू ८ टक्क्यांवरून ४.६वर! जगभर एकच उत्साह. एका स्वस्त औषधाने एवढा फरक पडत असेल तर कोण नाही म्हणेल?

पण नंतरच्या अभ्यासांत ही जादू काही पुन्हा नीट दिसेना. २००९ मध्ये 'नाइस-शुगर'चा निकाल लागला. ६,१०४ पेशंट, ४२ हॉस्पिटलं, मुख्यतः ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि कॅनडातली. ज्यांची शुगर ८१ ते १०८मध्ये ठेवायचा प्रयत्न झाला त्यांच्यातले २७.५ टक्के नव्वद दिवसांत गेले. ज्यांना १८०पर्यंत सूट होती त्यांच्यातले २४.९ टक्के. म्हणजे आकडा सुंदर आणि माणसं जास्त गेली. शुगर ४० किंवा त्याखाली घसरल्याचं प्रमाण ६.८ टक्के विरुद्ध ०.५ टक्के होतं.

इंजिनिअरला यातली गोम लगेच कळावी. गिझरचं पाणी उशिरा येतं तेव्हा आपण नळ अजून फिरवतो, अजून फिरवतो, आणि मग एकदम चटका बसतो. इथेही तसंच. शुगर तासा-दोन तासांनी तपासणार, इन्सुलिनचा परिणाम मागून दिसणार, मधेच नळीवाटे दिलं जाणारं अन्न कुठल्यातरी तपासणीसाठी बंद होणार. शिवाय शॉकमधल्या पेशंटच्या बोटातून रक्त घेतलं तर ग्लुकोमीटर चुकूही शकतो. अशा यंत्रणेत लक्ष्य कड्याच्या काठावर ठेवायचं? वरच्या बाजूला थोडं चुकलं तर सावरता येतं, खाली चुकलं तर मेंदूलाच इंधन नाही. आणि शुद्धीवरचा माणूस शुगर उतरली की घामाघूम होतो, थरथरतो, "काहीतरी खायला द्या" म्हणतो. व्हेंटिलेटरवर गुंगीत असलेला कुणाला सांगणार?

आता माझ्यातला प्रोग्रॅमर म्हणतो, मग चांगला अल्गोरिदम लिहा ना! तेही झालं. तेही लुव्हेनच्याच गटाने केलं, याचं मला फार कौतुक वाटतं. २०२३ साली ९,२३० पेशंटवर, कॉम्प्युटरच्या सल्ल्याने इन्सुलिन दिलं, आणि सुरुवातीचं शिरेवाटे पोषणही टाळलं (२००१ मध्ये शिरेतून भरपूर ग्लुकोज जात असे, आणि त्या निकालावर तेव्हापासूनचा हा आक्षेप होता). धोकादायक घसरण दोन्ही गटांत एक टक्का किंवा त्याहून कमी. पण आयसीयूतले दिवस किंवा मृत्यू यांत फरक? काही नाही. तुलनेच्या गटाला तर २१५ ओलांडेपर्यंत इन्सुलिनच सुरू करत नव्हते. थोडक्यात, कोड सुधारला, पण रिक्वायरमेंटच संशयास्पद होती.

म्हणून अमेरिकन डायबेटिस असोसिएशन आयसीयूतल्या बहुतेक पेशंटसाठी १४० ते १८० सांगते. २५०-३०० तसंच चालू द्या असा याचा अर्थ नाही, ते डॉक्टरही चालू देणार नाहीत.

तेव्हा आकडेबहाद्दर मित्रा, डॉक्टरांशी १७०वरून हुज्जत घालण्यापेक्षा घरून बाबांची जुनी फाइल घेऊन ये. त्यांची रोजची शुगर किती असायची, शेवटचं एचबीएवनसी किती, इन्सुलिन कधी आणि किती घ्यायचे, हे आत कुणालाच माहीत नसतं. आणि विचारायचंच असेल तर हे विचार: काल रात्रीत सगळ्यात खाली किती गेली होती?