परराष्ट्र राज्यमंत्री कशासाठी असतात?

१२ जून २०२४ च्या पहाटे कुवेतमधल्या मंगाफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागली. कीर्तिवर्धन सिंह यांना परराष्ट्र राज्यमंत्रिपद मिळून जेमतेम दोन दिवस झाले होते. ते तातडीने कुवेतला गेले आणि ४५ भारतीयांच्या शवपेट्यांसह हवाई दलाच्या विमानाने परतले. त्यांनी केलं ते योग्यच केलं. पण आग लागण्याआधी, दाटीवाटीने राहणारी ही माणसं दिल्लीत नेमकी कोणाची जबाबदारी होती?

कागदावर अर्थातच परराष्ट्रमंत्र्यांची. पण त्यांच्यापुढे चीन, अमेरिका, रशिया असतात. अनिवासी भारतीयांसाठी २००४ मध्ये स्वतंत्र मंत्रालय निघालं. २०१६ मध्ये ते परराष्ट्र खात्यात विलीन झालं. आज खात्याला दोन राज्यमंत्री आहेत. त्यांच्यापैकी आखातातल्या कामगारांचा मंत्री कोण, हे तुम्ही पटकन सांगू शकाल? लोकसभेत या कामगारांच्या मृत्यूंबद्दल प्रश्न आला की लेखी उत्तर बहुधा राज्यमंत्र्यांच्या नावाने येतं. उत्तर त्यांचं, मग काम कोणाचं?

मी कतारच्या उत्तर टोकाला, मदिनत अश शमालला राहते. दोह्यातली आपली वकिलात इथून शंभरेक किलोमीटरवर. वकिलात शिबिरं भरवते, २०१५ पासून ‘मदद’ पोर्टलही आहे. पण पोर्टल तक्रार नोंदवून घेतं. रुवैस बंदरावरच्या मजुराचा पगार थकला, तर यजमान सरकारशी बोलायला माणूस लागतो, तोही मंत्र्याच्या वजनाचा.

राज्यमंत्रिपद शोभेचंच असतं, असं म्हणू नका. याच कतारचे परराष्ट्र राज्यमंत्री मोहम्मद अल-खुलैफी मध्यस्थीचं काम सांभाळतात. काँगो सरकार आणि एम-२३ बंडखोरांनी जुलै २०२५ मध्ये दोह्यात जाहीरनाम्यावर सह्या केल्या, त्यामागे त्यांची खटपट होती. पद दुय्यम, पण काम ठरलेलं. आपल्याकडे राज्यमंत्र्याला कोणतं काम द्यायचं हे कॅबिनेट मंत्री ठरवतात. म्हणजे यासाठी घटनादुरुस्ती नको, एक आदेश पुरे.

तो आदेश निघत नाही, कारण कोणी मागत नाही. आपणही नाही. राज्यमंत्री आपल्या शहरात आले की मंडळ शाल-श्रीफळ देतं, आपण फोटो काढतो आणि थेट विमान, व्हिसा, ओसीआय कार्ड यांचं निवेदन हातात ठेवतो. या मागण्या चुकीच्या नाहीत. पण त्या करणाऱ्याला निदान सभागृहात खुर्ची मिळते. कोकणातून आखातात आलेल्या गवंड्याला ती मिळत नाही.

पुढच्या निवेदनात तीन ओळी घाला. एका राज्यमंत्र्याकडे आखाती कामगारांचं काम लेखी आदेशाने द्या. त्याने दर सहा महिन्यांनी संसदेत अहवाल मांडावा: किती पगार थकले, किती मिळवून दिले, किती माणसं दगावली आणि का. आणि आखाताच्या प्रत्येक दौऱ्यात सभागृहाआधी कामगारांची वसाहत पाहावी.

शाल त्यानंतर द्या.