नव्या सायकलवर पाच टक्के, बॅटरीवर अठरा

परतवाडा सोडून चिखलदऱ्याच्या घाटाला लागले, की सायकलस्वाराची खरी परीक्षा सुरू होते. समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवरचे चिखलदरा गाठण्यासाठी येथून जवळपास ७०० मीटरचा चढ पार करावा लागतो. विजेवर चालणाऱ्या माउंटन बाइकने हा चढ सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणला, हे खरेच. मात्र अशी सायकल विकत घेणे आणि ती चार-पाच उन्हाळे सांभाळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिरातींत केवळ पहिलीचीच चर्चा होते. दुसरीचा हिशेब वऱ्हाडातील ग्राहकाने स्वतःच मांडायला हवा.

स्वार आणि सायकल मिळून १०० किलो वजन धरले, तर ते ७०० मीटर वर नेण्यास सुमारे १९० वॅट-तास ऊर्जा लागते. मोटर व कंट्रोलरमधील गळती आणि घर्षण जमेस धरता हा आकडा अडीचशेच्या पुढे जातो. ३६ व्होल्ट आणि ७.६५ ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीत असते सुमारे २७५ वॅट-तास ऊर्जा. म्हणजे नव्या बॅटरीवर, पायांची थोडी साथ दिली, तर घाट निभावतो. तीच बॅटरी मूळ क्षमतेच्या ७० टक्क्यांवर आली, की हाती उरते १९० वॅट-तास. उरलेला चढ स्वाराच्या पायांवर येतो. अमरावतीहून बडनेऱ्याला ये-जा करणाऱ्यास ही घट फारशी जाणवणार नाही. घाटात मात्र ती तत्काळ उघडी पडते.

बॅटरीचा मोठा शत्रू चढ नसून उष्णता आहे. लिथियम-आयन सेल चार्ज करण्यासाठी बहुतेक उत्पादक ४५ अंश सेल्सिअसची कमाल मर्यादा घालून देतात. मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा त्याही पुढे गेला आणि जिल्हा प्रशासनाला कलम १४४ लागू करावे लागले. हे सावलीतले तापमान. टिनपत्र्याच्या शेडखाली उभ्या सायकलच्या बॅटरीचे काय होत असेल, याची कल्पना करता येते. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी अशा उष्णतेत पडून राहिली, तर सायकल न वापरताही तिची क्षमता घटत जाते. म्हणूनच वऱ्हाडात भर दुपारी चार्जिंग टाळावे, फेरीनंतर बॅटरी थंड होऊ द्यावी आणि सुट्टीत गावी जाताना ती निम्मी भरून घरातील थंड जागी ठेवावी. एका चार्जिंगला अर्धा युनिटही वीज लागत नाही. खरा खर्च आहे तो बॅटरी बदलण्याचा.

इतर भागांचीही तीच गत. मोटर पेडलजवळ असेल, तर स्वाराची आणि मोटरची अशी दोन्हींची ताकद चेनवरूनच जाते. चेन व मागील दातेरी चकत्या लवकर झिजतात. मोटर मागच्या चाकात असेल, तर भार आऱ्यांवर आणि मोटरमधील नायलॉनच्या गियरवर येतो. उतारावर सायकलचे जादा वजन ब्रेक पॅड खाते. काळ्या मातीचा पावसाळी चिखल जोडणीच्या पिनांत शिरला, की गंज धरतो. चेन, आऱ्या, ब्रेक ही कामे गावातला सायकल मिस्त्री सहज करतो. पण कंट्रोलर, सेन्सर वा बॅटरीतील नियंत्रक बिघडला, की तो हात टेकतो. कारण प्रत्येक कंपनीची जोडणी निराळी असते आणि सुटा भाग बाजारात सहजी मिळत नाही. मग शंभर रुपयांच्या बिघाडासाठी हजारोंची सायकल कोपऱ्यात उभी राहते.

येथे प्रश्न धोरणाचा येतो. २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत वेग असलेली सायकल मोटार वाहन ठरत नाही. तिला नोंदणी आणि परवाना लागत नाही. ही सवलत योग्यच आहे. परंतु करआकारणी पाहा : नव्या विजेच्या सायकलवर वस्तू व सेवा कर ५ टक्के, तर सुट्या लिथियम बॅटरीवर १८ टक्के. म्हणजे जुनी सायकल जपणाऱ्यास जादा कर आणि नवी घेणाऱ्यास सूट, असा हा उफराटा न्याय आहे. राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणाचा भरही खरेदी सवलत, पथकरमाफी आणि चार्जिंग सुविधांवरच आहे.

युरोपीय संघाने २०२३ च्या बॅटरी नियमावलीद्वारे फेब्रुवारी २०२७ पासून अशा सायकलींच्या बॅटऱ्या, त्यांतील सेलसुद्धा, स्वतंत्र तंत्रज्ञाला बदलता आल्या पाहिजेत, असे बंधन घातले आहे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ पोर्टल सुरू केले. मात्र पोर्टलवरील माहिती म्हणजे कायद्याचे बंधन नव्हे. सुट्या बॅटरीवरील कर कमी करणे आणि ठरावीक वर्षे सुटे भाग पुरविण्याची सक्ती करणे, ही दोन पावले सरकारला उचलता येतील.

तोवर ग्राहकाने खरेदीपूर्वी तीन गोष्टी लेखी मागाव्यात : बदली बॅटरीची आजची किंमत, हमी किती वर्षांची वा किती चार्जिंगची, आणि दुरुस्ती अमरावती-अकोल्यात होणार की सायकल पुण्या-मुंबईला धाडावी लागणार. विक्रेता उत्तर देण्यास कचरत असेल, तर ती सायकल स्वस्त नाही, एवढे निश्चित समजावे.