आधी नकाशा, मग हेरिटेज



दोह्यात पाहुणे आले की आपण त्यांना सूक वाकिफला नेतो. तिथल्या मातीच्या भिंती आणि लाकडी वासे पाहून कुणीतरी हमखास विचारतं, ''आपल्याकडे असं का होत नाही?'' आपल्यातले काही वैदर्भी मित्र तर आता योजनाच मांडतात: चंद्रपूरकडच्या इंग्रजकालीन कोळसा खाणी, गोंड राजांचा परकोट, महाकालीचं देऊळ, जमलं तर ताडोबा, सगळं एका सहलीत गुंफायचं. सावनेरच्या खाणीत २०१६ मध्ये पर्यटन सुरू झालं, मग चंद्रपुरात का नको?

माझा या योजनेला विरोध आहे. निदान आज तरी.

सूकमधलं जे आपण पुरातन समजून फोटोत घेतो, त्यातलं बरंचसं २००४ नंतरचं आहे. २००३ मध्ये आग लागली, त्यानंतर जुन्या पद्धतीने बाजार पुन्हा उभा केला. त्यात गैर काही नाही. पण पाहुण्यांना आपण तिथूनच परत आणतो. चालत जाण्याच्या अंतरावर मुशैरिबमध्ये कंपनी हाउस आहे, तेलउद्योगातल्या पहिल्या कतारी कामगारांचं संग्रहालय. जवळच बिन जेल्मूद हाउसमध्ये गुलामगिरीचा इतिहास मांडला आहे. (हे शहर ज्यांनी बांधलं त्या नेपाळी, बिहारी मजुरांसाठी असं घर कधी उघडणार, हा प्रश्न आहेच.) म्हणजे अनुकरणच करायचं तर कशाचं करायचं, ते आधी ठरवू या.

वरोऱ्याची खाण सरकारने १८७१ च्या सुमारास सुरू केली. तिच्या कोळशासाठी वर्ध्याहून रेल्वे आली. १९०६ मध्ये खाण बंद झाली. आज वरोरा म्हटलं की आपल्याला आनंदवन आठवतं, खाण आठवत नाही. पुढे बल्लारपूर, घुग्घुस, दुर्गापूर. १९७३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं, मालक बदलला. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅटपर्यंत गेली, आणि ती वीज कुठे कुठे जाते ते आपण मुंबई-पुणेकरांना सांगायला नकोच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांनी देशात चौथं आलं. हा नंबर मात्र कुणाच्या सहलीच्या पत्रकात छापला जाणार नाही.

आणि ऑगस्ट २०२२. घुग्घुसच्या आमराई वॉर्डातलं एक अख्खं घर जमिनीत गेलं. घरातले लोक बाहेर पडले होते म्हणून वाचले. वस्तीखाली जुनी भूमिगत खाण होती. आसपासच्या शंभराहून अधिक कुटुंबांना घरं सोडावी लागली.

हे दैवी संकट नव्हे. भूमिगत खाणीत छत पेलायला कोळशाचेच खांब सोडतात आणि मधल्या पोकळ्यांत वाळू भरतात. भरली नाही, अर्धवट भरली, किंवा मागाहून खांबही काढून नेले, तर वरचा खडक हळूहळू सुटत जातो. त्यात पावसाचं पाणी मुरलं की झालं. घर कधी खचेल याची तारीख कुणी सांगू शकत नाही, पण कुठे खचू शकेल हे सांगता येतं. त्यासाठी हवा खाणीचा नकाशा. आणि बंद खाणीचा नकाशा खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे देणं कायद्यानेच बंधनकारक आहे. मग ज्यांच्या पायाखालचा तो नकाशा आहे, त्या वस्तीला ग्रामपंचायतीच्या किंवा नगर परिषदेच्या भिंतीवर तो का दिसू नये?

इथे मला बाबासाहेबांची आठवण होते. १६ ऑक्टोबर १९५६ ला चंद्रपुरात त्यांनी दीक्षा दिली, हे आपण जाणतो. पण त्याआधी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, १९४४ मध्ये, कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला तो त्यांच्याच कारकिर्दीत. खाण म्हणजे आधी माणसं, असा तो हिशेब होता. आमच्या सहलीच्या योजनेत मात्र परकोट आहे, वाघ आहे, खाणकामगार नाही.

वेस्टर्न कोलफील्ड्स हा केंद्र सरकारचा उपक्रम आहे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही ऑनलाइन करता येतो, शुल्क दहा रुपये. वस्त्यांखालच्या बंद खाणींचे नकाशे आणि कुठे किती वाळू भरली त्याच्या नोंदी मागणारा मसुदा मी करतो आहे. ज्यांचे वडील-आजोबा बल्लारपूर, घुग्घुस किंवा महाकाली कॉलरीत कामाला होते, त्यांनी जरूर लिहावं: कुठली पाळी, कुठली खाण, वर तेव्हा कोणतं गाव होतं. मराठीत लिहिलंत तरी चालेल, वऱ्हाडीत लिहिलंत तर उत्तम.