औषधाची मक्तेदारी आणि रुग्ण स्त्रिया

स्तनाच्या कर्करोगाने ग्रासलेल्या स्त्रियांपैकी साधारणपणे पाचांतील एकीच्या गाठीत ‘हर-टू’ नावाचे प्रथिन प्रमाणाबाहेर आढळते. अशा रुग्णांना ट्रॅस्टुझुमॅब गुणकारी ठरते, हे कधीच सिद्ध झाले आहे. परंतु २०१२ साली रोश कंपनीच्या या औषधाचा पुरा उपचार घ्यावयाचा तर भारतात काही लाख रुपये मोजावे लागत. विडी वळणाऱ्या स्त्रीच्या लेखी असे औषध असून नसल्यासारखेच!

त्या वर्षाच्या अखेरीस रुग्णांचे व आरोग्य चळवळीतील गट एकत्र आले आणि त्यांनी पंतप्रधानांना खुले पत्र धाडले. मागणी दयेची नव्हती, सक्तीच्या परवान्याची होती. आणि तिला कायद्याचा आधार होता. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधांवरील उत्पादन-पेटंट नाकारले, म्हणून तर देशी औषध उद्योग उभा राहिला. जागतिक व्यापार संघटनेच्या करारापायी २००५ साली ते पेटंट परतले खरे, पण सक्तीच्या परवान्याचे कलम शाबूत राहिले. मार्च २०१२ मध्ये त्याच कलमाखाली यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील एका औषधाचा मासिक खर्च सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८,८०० रुपयांवर आला होता.

ट्रॅस्टुझुमॅबसाठी शासनाने ते धैर्य दाखविले नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये कंपनीनेच पेटंटवरील हक्क सोडला. देशी पर्याय आला, तोही गरिबाच्या आवाक्याबाहेरचाच. आणि तो येताच कंपनीने २०१४ साली दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. पेटंट सोडणे म्हणजे बाजार सोडणे नव्हे, हे कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवलेले बरे.

२०२२ साली केरळ उच्च न्यायालयात एका रुग्ण स्त्रीने हाच प्रश्न नेला. तिला लागणाऱ्या रायबोसिक्लिबचा खर्च महिन्याला सुमारे ५८ हजार रुपये होता. निकालाआधीच ती गेली. न्यायालयाने प्रकरण स्वतःहून पुढे चालविले. मार्च २०१२ नंतर दशक उलटले, तरी दुसरा सक्तीचा परवाना मात्र कोणत्याही औषधाला मिळाला नव्हता.

महागाईच्या मोर्चात साखर, तेल, रॉकेल यांचे भाव घोषणांत येतात. औषधाचे बिल येत नाही. ते घरातच दडविले जाते, आणि आजार स्तनाचा असला की आजारही. महिला आघाडीने व कामगार संघटनांनी वस्त्यावस्त्यांतून ही बिले गोळा करून जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवावीत, मागणीपत्रात सक्तीच्या परवान्याचे कलम नाव घेऊन घालावे. हे काम पुढच्या शिबिराची वाट न पाहता सुरू करता येईल.