भाव सांगण्याआधी आरसी बुक मागा

‘ॲम्बॅसिडर विकायचीय, किती येतील?’ परळीच्या गॅरेजात हा प्रश्न आला की उत्तर ठरलेलं: किलोवर घाला. शेडमध्ये थर्मल वीजकेंद्राची राख अंगावर घेत उभी असलेली गाडी पाहून दुसरं सुचणं कठीणच. तरी गॅरेजवाल्यांनी आधी आरसी बुक मागावं.

१९५६ च्या मॉरिस ऑक्सफर्ड सीरीज थ्रीवरून हिंदुस्थान मोटर्सने ही गाडी उत्तरपाड्याला काढली. विलायतेत मूळ मॉडेल १९५९ मध्येच संपलं. आपल्याकडे मे २०१४ पर्यंत चाललं. ॲम्बॅसिडरच्या मार्क टू मॉडेलच्या बहुतेक गाड्यांनी आता पन्नाशी गाठली आहे, आणि सगळी गंमत त्या पन्नाशीतच आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात ‘व्हीए’. मात्र रोज बाजारात न्यायची सोय नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणायची.

अडचण आपणच करून ठेवली आहे. डिझेल स्वस्त होतं तेव्हा कित्येक गाड्यांचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन उतरवून मिळेल ते डिझेल बसवलं. आरसीवर पेट्रोल, बोनेटखाली डिझेल! अशी गाडी व्हिंटेजमध्ये बसत नाही, आणि बदलाची नोंद नसेल तर साधं पासिंगही अडतं. गिऱ्हाइकाला हे सौदा होण्याआधी सांगायला हवं, टोकन घेतल्यावर नव्हे.

दुसरी तपासणी पत्र्याची. या गाडीला वेगळी चेसिस नाही, बॉडीच सगळा भार पेलते. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दारांखालच्या पत्र्यावरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे रंगाखाली पुट्टी आहे. मग मॅट उचलून, ड्रायव्हरच्या पायाखाली आणि मागच्या पाट्यांच्या बुशांजवळ पेचकस टोचा. आत गेला तर वरच्या चकचकीत रंगाचे पैसे भावात धरू नका.

इंजिनाची धास्ती त्या मानाने कमी. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं (बीएमसी) हेच बी-सीरीज इंजिन एमजीए स्पोर्ट्स कारमध्येही होतं. त्या कारच्या शौकिनांसाठी विलायतेत आजही गॅस्केट, व्हॉल्व्ह बनतात; त्यातलं आपल्या इंजिनाला काय लागू पडतं ते मात्र मागवण्याआधी जुळवून पाहावं. त्यामुळे उतरवलेलं पेट्रोल इंजिन मालकाच्या पडवीत गंजत पडलं असेल तर ते भंगारवाल्याला देऊ देऊ नका. त्यावरचा नंबर आरसीशी ताडून पाहा आणि गाडीबरोबरच विकायला सांगा. जाणकार गिऱ्हाईक आधी तेच विचारील.