पहिला पाना बॉक्सवर नको

स्टेअरिंग वीतभर फिरवले तरी गाडी वळत नाही, ही तक्रार घेऊन जुन्या जीपचा मालक दारात आला की बहुतेक ठिकाणी पहिला पाना स्टेअरिंग बॉक्सच्या ॲडजस्टिंग स्क्रूवर पडतो. स्क्रू थोडा कसला जातो, प्ले कमी झाल्यासारखा वाटतो आणि मालक समाधानाने गाडी घेऊन जातो. ही सवय मोडायला हवी. घरच्या अंगणात स्वतः काम करणाऱ्या हौशी मालकाने तर तो स्क्रू सर्वांत शेवटी हाती घ्यावा.

महिंद्रने मुंबईत विलीज जीपची जुळणी १९४०च्या दशकाच्या अखेरीस सुरू केली. पुढे सीजे-३बी आणि तिच्या वंशातल्या गाड्या गावोगावी पोहोचल्या. पुसदपासून वणीपर्यंत शेतातल्या गोठ्याशेजारी, बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात अशी एखादी जीप आजही उभी दिसते. नवी पिढी तिला पुन्हा रस्त्यावर आणायला निघाली आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. पण इंजिन सुरू झाले म्हणजे गाडी तयार झाली, असे मानणारे फार आहेत. रंगावर आणि हुडावर जेवढा खर्च होतो, त्याचा लहानसा वाटाही पुढच्या आसाच्या वाट्याला येत नाही.

सीजे-३बीच्या मूळ रचनेत बॉक्समधून निघालेली हालचाल ड्रॉप आर्मवरून ड्रॅग लिंककडे, तिथून बेल क्रँककडे आणि मग दोन टाय रॉडांवाटे दोन्ही चाकांकडे जाते. ड्रॅग लिंकची दोन टोके, बेल क्रँकची पिन, टाय रॉडांचे चार एंड. झिजण्याच्या सात जागा तर इथेच झाल्या. किंग पिनची आणि चाकांची बेअरिंगे वेगळीच. प्रत्येक जागी अर्धा मिलिमीटर सैल झाला तरी सगळे मिळून स्टेअरिंगवर कितीतरी इंच मोकळे फिरतात. यात सर्वांत दुर्लक्षित राहते ती बेल क्रँकची पिन. ती खाली, चिखलाच्या माऱ्यात असते आणि ग्रीस गन तिच्यापर्यंत क्वचितच पोहोचते.

तपासणीला महागडे यंत्र लागत नाही, दोन माणसे लागतात. इंजिन बंद, चाके सरळ, गाडी जमिनीवर. एकाने स्टेअरिंग हलकेच डावीउजवीकडे हलवत राहावे. दुसऱ्याने बॉक्सपासून चाकापर्यंत एकेका जोडावर हात ठेवत जावे. अलीकडचा भाग हलतो आणि पलीकडचा उशिरा हलतो, तो जोड गेलेला. मग पुढचा आस जॅकने उचलून पक्क्या स्टँडवर ठेवावा. केवळ जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही शिरू नये. चाक वरखाली धरून हलले तर संशय किंग पिनवर किंवा चाकाच्या बेअरिंगवर. डावीउजवीकडे धरून हलले तर लिंकेजवर.

ड्रॅग लिंकच्या टोकातला स्क्रूप्लग बॉलवर घट्ट बसवून अर्धा ते एक फेरा मागे घ्यायचा असतो आणि नवी स्प्लिट पिन घालायची असते. जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरणे किंवा तिच्या जागी तार पिळणे हा गुन्हाच मानावा.

आता बॉक्स. गाडी बहुतेक वेळ सरळ धावते, म्हणून आतली कॅम मधोमध जास्त झिजते, टोकांकडे कमी. मधला प्ले काढण्यासाठी स्क्रू गरजेपेक्षा जास्त कसला की वळणावर बॉक्स आवळतो आणि वळण संपले तरी स्टेअरिंग आपोआप परतत नाही. उमरखेडकडच्या एखाद्या घाटवळणावर हे कळणे म्हणजे फार उशिरा कळणे. स्क्रू फिरवायचाच तर ड्रॅग लिंक सोडून, बॉक्स बरोबर मध्यावर ठेवून फिरवावा.

वेल्डिंगबाबत या मासिकाची भूमिका ठाम आहे. ड्रॉप आर्म, नकल आर्म, टाय रॉड एंड यांना वेल्डिंगचा रॉड लागता कामा नये. हे भाग फोर्ज केलेले आणि उष्णतेची प्रक्रिया दिलेले असतात. वेल्डिंगशेजारचा पट्टा ठिसूळ होतो आणि पूर्वसूचना न देता तुटतो. टेपर सुटत नसेल तर गॅसने लाल करू नये. पुलर लावावा किंवा आर्मच्या डोळ्यावर दोन बाजूंनी दोन हातोड्या एकदम माराव्यात. लेथचे काम हवेच, पण ते बुशपुरते. यवतमाळला लोहारा एमआयडीसी आहे. चांगला कारागीर शोधून बेल क्रँकचे गनमेटल बुश मापाने करून घेणे अवघड नाही. बाजारातला नवा एंड घेताना टेपरला निळा रंग लावून तो सगळीकडे टेकतो का, हे बघावे.

जीपखेरीज इतर जुन्या गाड्यांचे पाहू. पद्मिनीत आयडलर आर्म आधी तपासावा. ॲम्बॅसिडरमध्ये रॅक आहे; तिथे फाटलेले रबर बूट हेच दुखणे, कारण काळ्या मातीची धूळ आत शिरली की दाते खाते. काम संपल्यावर टो-इन मोजल्याशिवाय गाडी कोणाच्या हाती देऊ नये. टाय रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात, हे शिकाऊ मुलांना मुद्दाम दाखवावे.

हल्ली पॉवर स्टेअरिंग बसवून घेण्याकडे कल आहे. केंद्राने जुलै २०२१मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. नवा बॉक्स बसवण्यासाठी चासी कापण्याआधी मालकाला हे सांगणे मेकॅनिकचे काम आहे.

आणि एक मागणी. यवतमाळ जिल्ह्यातल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी मोटार मेकॅनिकच्या मुलांसाठी जुन्या जीपचा पूर्ण पुढचा आस, बॉक्ससकट, एका चौकटीवर उभा करावा. भंगारात तो वजनावर मिळतो. उघडणे, मोजणे आणि परत जोडणे हे मुलांनी त्यावर करावे. असा आस देऊ शकणाऱ्या गॅरेजवाल्यांनी जवळच्या संस्थेच्या प्राचार्यांना यंदाचा दसरा येण्याआधी भेटावे.